रेघ कुठे ओढायची? बिग टेनच्या गटवारीची गोष्ट

(इयत्ता ८ वी ते १० वीच्या विद्यार्थ्यांसाठी, पालक व विश्वस्तांनीही वाचावे असे)



गेल्या पालक सभेत एक विषय बराच वेळ चालला. आपल्या क्रीडास्पर्धेची ढाल लागोपाठ तीन वर्षे एकाच हाऊसकडे जात आहे, तेव्हा चारही हाऊसची नव्याने वाटणी करावी, असे काही पालकांनी सुचविले. त्यावर एक आई म्हणाल्या, "माझी थोरली ज्या हाऊसमध्ये आहे, त्यातच धाकट्यालाही ठेवा, मग बाकी काय ते करा." एका विश्वस्तांनी सांगितले, "राहत्या भागाप्रमाणे वाटणी करा, म्हणजे मुलांना संध्याकाळी सरावाला एकत्र येता येईल." आणि दहावीच्या विद्यार्थी प्रतिनिधीने हात वर करून विचारले, "सर, पण आमची हिरव्या हाऊसबरोबरची कबड्डीची मॅच राहील ना?"

त्या दिवशी निर्णय झाला नाही. बरेच झाले, असे आम्हाला वाटते. कारण चौघांचेही म्हणणे रास्त होते आणि चौघांचेही एकाच वेळी पुरते करता येईल अशी वाटणी कुणालाच सुचत नव्हती. घरी परतताना आम्हाला आठवण झाली ती अमेरिकेतील एका मोठ्या आंतरविद्यापीठ स्पर्धेची. तिथल्या जाणत्या मंडळींनी नेमका हाच प्रश्न पंधरा वर्षांत तीनदा सोडवला आणि तिन्ही वेळा उत्तर वेगळे आले. आपल्या शाळेचे कित्येक माजी विद्यार्थी शिकायला अमेरिकेत गेले आहेत. त्यांच्या घरी पर्ड्यू, इलिनॉय, मिशिगन ही नावे नवीन नाहीत. या पाठात त्याच विद्यापीठांची गोष्ट पाहू.

१. खेळ कोणता, स्पर्धा कोणती?

अमेरिकेत नुसते 'फुटबॉल' म्हटले की आपला पायाने खेळायचा फुटबॉल कुणी समजत नाही. त्यांचा चेंडू दोन्ही टोकांना निमुळता असतो, तो हातात धरून पळतात, फेकतात, आणि समोरचे त्याला अडवून पाडतात. प्रत्येक बाजूला अकरा खेळाडू असतात. अंगमेहनत आणि मार इतका की आठवड्याला एकच सामना खेळता येतो. विद्यापीठांचे सामने बहुतेक शनिवारी होतात. हंगाम ऑगस्टअखेर किंवा सप्टेंबरात सुरू होऊन नोव्हेंबरअखेर संपतो. त्यामुळे एका संघाच्या वाट्याला साधारण बाराच सामने येतात. हा बाराचा आकडा लक्षात ठेवा. सगळी अडचण तिथूनच सुरू होते.

शेजारपाजारची विद्यापीठे एकत्र येऊन आपसांत सामने ठरवतात, त्या मंडळाला 'कॉन्फरन्स' म्हणतात. त्यांतली एक फार जुनी कॉन्फरन्स म्हणजे 'बिग टेन'. पर्ड्यू विद्यापीठाचे अध्यक्ष जेम्स स्मार्ट यांच्या पुढाकाराने १८९५ च्या जानेवारीत सात विद्यापीठांचे प्रमुख शिकागोत जमले आणि १८९६ मध्ये ही कॉन्फरन्स रीतसर स्थापन झाली. त्यांचा पहिला हेतू ढाल जिंकण्याचा नव्हता. जो खरोखर नियमित शिकतो आणि अभ्यासात मागे नाही, त्यालाच संघात घ्यायचे, हा नियम सर्वांनी पाळावा यासाठी ते एकत्र आले होते. ही गोष्टही लक्षात ठेवा, शेवटी ती परत येणार आहे.

पुढे सभासद वाढले, काही सोडून गेले, काही परतले. दहा झाले तेव्हा 'बिग टेन' हे नाव रुळले. पेन स्टेट आल्यावर १९९३ च्या हंगामापासून फुटबॉलचे संघ अकरा झाले, पण नाव दहाचेच राहिले! अकरा संघ आणि आपसांतले सामने आठ, म्हणजे प्रत्येक संघ दर वर्षी दोन संघांशी खेळतच नसे. तरीही गाडी चालली होती.

२. बारावा आला आणि दोन गट पडले

२०१० च्या जूनमध्ये नेब्रास्का विद्यापीठाने बिग टेनमध्ये येण्याचे ठरवले आणि २०११ पासून संघ बारा झाले. त्या वेळी अमेरिकेतील विद्यापीठ खेळांच्या मुख्य संस्थेचा, म्हणजे एनसीएएचा, असा नियम होता की कॉन्फरन्सला स्वतःचा अंतिम सामना भरवायचा असेल तर किमान बारा संघ हवेत, त्यांचे दोन गट हवेत आणि आपल्या गटातील प्रत्येक संघाशी प्रत्येकाने खेळले पाहिजे. दक्षिणेकडच्या साउथईस्टर्न कॉन्फरन्सने १९९२ मध्ये या नियमाने अंतिम सामना सुरू केला होता. अंतिम सामना म्हणजे भरलेले मैदान आणि दूरदर्शनचे पैसे. तेव्हा बिग टेननेही दोन गट करायचे ठरवले.

आता गणित करून पाहा. बारा संघांतून सहा-सहाचे दोन गट किती प्रकारे पडतील? बारातून सहा निवडण्याचे प्रकार ९२४. पण पहिला गट 'अ' म्हटला काय आणि 'ब' म्हटला काय, वाटणी तीच, म्हणून त्याचे निम्मे, ४६२. एवढ्या वाटण्यांतून एक निवडायची होती.

निवडायची कशी? कॉन्फरन्सचे तेव्हाचे आयुक्त जिम डेलनी यांनी क्रम आधी जाहीर केला. पहिली गोष्ट बळाचा समतोल, दुसरी जुन्या चुरशी आणि तिसरी भूगोल. पेन स्टेट खेळू लागले त्या १९९३ पासूनची कामगिरी त्यांनी तपासली. ओहायो स्टेट, मिशिगन, पेन स्टेट आणि नेब्रास्का हे चार संघ नावाजलेले, म्हणून त्यांतले दोन इकडे, दोन तिकडे. एवढी एकच अट घातली की ४६२ पैकी २१० वाटण्या उरतात (कशा, ते स्वाध्यायात शोधायचे आहे). शेवटी वाटणी अशी ठरली:

'लेजंड्स' गट : आयोवा, मिशिगन, मिशिगन स्टेट, मिनेसोटा, नेब्रास्का, नॉर्थवेस्टर्न.
'लीडर्स' गट : इलिनॉय, इंडियाना, ओहायो स्टेट, पेन स्टेट, पर्ड्यू, विस्कॉन्सिन.

'लेजंड्स' म्हणजे दंतकथा झालेले आणि 'लीडर्स' म्हणजे पुढारी. या नावांची लोकांनी भरपूर थट्टा केली. नावावरून कोण कुठल्या गटात हे कुणाला सांगता येईना. नकाशावर पाहिले तरी काही उमगत नसे, कारण भूगोलाचा नंबर तिसरा होता.

३. घागर, कुऱ्हाड, डुक्कर आणि बादली

चुरशींचा नंबर दुसरा होता. पण बिग टेनमधल्या चुरशी म्हणजे नुसते सामने नव्हेत. मिशिगनचा संघ १९०३ मध्ये मिनेसोटात खेळायला गेला आणि पाण्याची घागर तिथेच विसरला. ती परत मागितल्यावर, जिंकून घेऊन जा, असे उत्तर मिळाल्याचे सांगतात. तेव्हापासून त्या साध्या घागरीसाठी हे दोन संघ झुंजतात. मिनेसोटा आणि विस्कॉन्सिन यांच्यातला सामना १८९० चा, त्यांची निशाणी एक मोठी कुऱ्हाड. आयोवा आणि मिनेसोटा या राज्यांच्या गव्हर्नरांनी १९३५ मध्ये जिवंत डुकराची पैज लावली, आज त्या जागी काशाचे डुक्कर आहे. इंडियाना आणि पर्ड्यू १९२५ पासून एका जुन्या लाकडी बादलीसाठी खेळतात. बाहेरच्याला हसू येईल, पण घागर, कुऱ्हाड, डुक्कर किंवा बादली वर्षभर आपल्या कपाटात असणे ही तिथल्या मुलांना मोठी अभिमानाची गोष्ट वाटते.

आणि सर्वांत मोठी चुरस म्हणजे ओहायो स्टेट आणि मिशिगन. पहिला सामना १८९७ चा. दोघांच्याही मैदानांत लाखाहून अधिक माणसे बसतात.

आता हे दोघे वेगवेगळ्या गटांत पडले, कारण बळाचा समतोल पहिला. मग त्यांचा वार्षिक सामना? त्यासाठी युक्ती काढली. प्रत्येक संघाला समोरच्या गटातला एक 'राखीव' प्रतिस्पर्धी दिला, त्याच्याशी दर वर्षी खेळायचेच. ओहायो स्टेट–मिशिगन, मिनेसोटा–विस्कॉन्सिन, इलिनॉय–नॉर्थवेस्टर्न, इंडियाना–मिशिगन स्टेट, नेब्रास्का–पेन स्टेट आणि आयोवा–पर्ड्यू अशा जोड्या लावल्या.

हिशेब करा. आठ सामन्यांपैकी पाच आपल्या गटात गेले आणि एक राखीव. उरले दोन. समोरच्या गटातले बाकीचे संघ पाच. म्हणजे त्या पाचांपैकी प्रत्येकाशी गाठ पाच वर्षांत दोनदाच!

या हिशेबात कोण सापडले? आयोवा आणि विस्कॉन्सिन. ही दोन्ही राज्ये एकमेकांना लागून, दोन्हीकडे शेतकरी वस्ती, दोन्ही संघ तुल्यबळ. पण विस्कॉन्सिनची राखीव जागा मिनेसोटाला गेली आणि आयोवाच्या वाट्याला पर्ड्यू आले. परिणामी २०११ आणि २०१२ या दोन्ही वर्षी आयोवा–विस्कॉन्सिन सामना झालाच नाही. कुणी वाईट हेतूने तो काढला नव्हता. राखीव जागा एकच होती आणि जुनी नाती दोन.

समतोल तरी साधला का? २०११ च्या पहिल्या अंतिम सामन्यात विस्कॉन्सिनने मिशिगन स्टेटला ४२–३९ असे हरवले. सामना रंगला, वाटणी करणाऱ्यांना धन्य वाटले असेल. पण २०१२ मध्ये 'लीडर्स' गटातील पहिले दोन, ओहायो स्टेट आणि पेन स्टेट, शिस्तभंगाच्या कारवाईमुळे अंतिम सामन्याला अपात्र होते. ओहायो स्टेटने तर त्या वर्षी बाराच्या बारा सामने जिंकले होते. त्यांच्या जागी गटात तिसरा आलेला विस्कॉन्सिन गेला. कॉन्फरन्समध्ये त्याचे चार विजय आणि चार पराभव होते. आणि त्याने अंतिम सामन्यात नेब्रास्काला ७०–३१ असे हरवून विजेतेपद घेतले! नियम सर्व पाळले गेले होते. तरीही सर्वांत चांगला खेळलेला संघ घरी बसून पाहत होता.

४. दुसरी वाटणी : नकाशा पुढे आला

२०१४ मध्ये पूर्व किनाऱ्याकडची मेरिलँड आणि रटगर्स ही दोन विद्यापीठे आली. वॉशिंग्टन शहर आणि न्यूयॉर्क यांच्या आसपासचे लाखो दूरदर्शन प्रेक्षक त्यांच्याबरोबर येणार होते, हे उघड कारण होते. संघ चौदा झाले आणि वाटणी पुन्हा करावी लागली.

या वेळी क्रम उलटला, भूगोल पहिला झाला. नावेही साधी ठेवली, 'पूर्व' आणि 'पश्चिम'. अमेरिकेत एकाच देशात घड्याळाच्या वेगवेगळ्या वेळा चालतात. ज्यांचे घड्याळ पूर्वेकडच्या वेळेचे ते पूर्व गटात, ज्यांचे मधल्या वेळेचे ते पश्चिम गटात. पूर्व वेळेचे संघ आठ भरत होते, म्हणून त्यांतले पर्ड्यू पश्चिमेला गेले.

पूर्व : इंडियाना, मेरिलँड, मिशिगन, मिशिगन स्टेट, ओहायो स्टेट, पेन स्टेट, रटगर्स.
पश्चिम : आयोवा, इलिनॉय, मिनेसोटा, नेब्रास्का, नॉर्थवेस्टर्न, पर्ड्यू, विस्कॉन्सिन.

या वाटणीने किती गोष्टी साधल्या पाहा. आयोवा आणि विस्कॉन्सिन पुन्हा दर वर्षी भेटू लागले. डुक्कर आणि कुऱ्हाड आपापल्या गटात आले. ओहायो स्टेट आणि मिशिगन एकाच गटात आले. प्रवास कमी झाला. समोरच्या गटातली राखीव जोडी एकच उरली, इंडियाना आणि पर्ड्यू, म्हणजे बादलीवाले. घागर मात्र दोन गटांच्या मध्ये सापडली. मिशिगन पूर्वेला आणि मिनेसोटा पश्चिमेला गेल्यामुळे तो सामना दर वर्षी होईनासा झाला.

पण मोठी किंमत वेगळीच होती. नकाशावर सरळ रेघ ओढली तेव्हा ओहायो स्टेट, मिशिगन, पेन स्टेट आणि मिशिगन स्टेट हे चारही बलाढ्य संघ एका बाजूला पडले. पुढे काय झाले ते आकडेच सांगतात. २०१४ ते २०२३ या दहा वर्षांत दहा अंतिम सामने झाले आणि दहाही पूर्व गटाने जिंकले. ओहायो स्टेटने पाच, मिशिगनने तीन, मिशिगन स्टेट आणि पेन स्टेटने एकेक. पहिल्याच वर्षी ओहायो स्टेटने विस्कॉन्सिनला ५९–० असे हरवले. २०२१ मध्ये मिशिगनने आयोवाला ४२–३ आणि २०२३ मध्ये पुन्हा आयोवालाच २६–० असे हरवले. अधूनमधून अटीतटीही झाली, उदाहरणार्थ २०१५ मध्ये मिशिगन स्टेट १६, आयोवा १३. पण खरा अंतिम सामना नोव्हेंबरच्या अखेरीस, ओहायो स्टेट आणि मिशिगन यांच्यातच होऊन जातो, असे लोक म्हणू लागले.

असा अनुभव आपल्या बडोद्याच्या क्रिकेटलाही परका नाही. रणजी करंडक स्पर्धा २००१-०२ पर्यंत विभागवार चालत असे. पश्चिम विभागात मुंबई, महाराष्ट्र, गुजरात, सौराष्ट्र आणि आपले बडोदे होते. मुंबईसारखा बलाढ्य संघ आपल्याच विभागात असणे म्हणजे काय, हे ज्यांनी ते सामने पाहिले त्या आजोबांना विचारा. २००२-०३ पासून विभाग मोडून, बळाप्रमाणे 'एलिट' आणि 'प्लेट' असे गट केले गेले. म्हणजे तिथेही आधी भूगोल होता, मग बळ आले.

५. तिसरे उत्तर : रेघच पुसली

२०२२ च्या मे महिन्यात एनसीएएने आपला नियम सैल केला. अंतिम सामन्यात कोण खेळणार हे प्रत्येक कॉन्फरन्सने ठरवावे, दोन गटांची सक्ती नाही, असे ठरले. त्याच वर्षी जूनअखेर लॉस एंजेलिसच्या यूएससी आणि यूसीएलए या विद्यापीठांनी, आणि २०२३ च्या ऑगस्टमध्ये ऑरेगन आणि वॉशिंग्टन यांनी बिग टेनमध्ये येण्याचे जाहीर केले. २०२४ पासून 'बिग टेन'मध्ये संघ झाले अठरा! (आपल्या गणिताच्या बाईंनी हे नाव लाल शाईने खोडले असते.)

अठरांचे नऊ-नऊचे दोन गट करता आले असते. त्यांनी ते केले नाहीत. गटच काढून टाकले. सगळ्यांची एकच यादी, आणि त्यातले पहिले दोन अंतिम सामन्यात. प्रत्येक संघाला प्रतिस्पर्धी सतरा आणि सामने नऊ, त्यामुळे कोण कुणाशी कधी खेळणार हे आळीपाळीने ठरते. पण बारा जोड्या दर वर्षीसाठी राखून ठेवल्या.

या बारा जोड्यांत एक शहाणपण आहे. २०११ मध्ये प्रत्येकाला एकेक राखीव जोडी दिली होती, अगदी समसमान. म्हणून आयोवावर पर्ड्यूशी नाते लावून घेण्याची पाळी आली आणि विस्कॉन्सिन सुटले. या वेळी आयोवाला तीन राखीव सामने दिले: मिनेसोटा, नेब्रास्का आणि विस्कॉन्सिन. मिशिगनला दोन, ओहायो स्टेट आणि मिशिगन स्टेट. पेन स्टेटला एकही नाही, कारण दर वर्षी हवाच असा त्यांचा जुना सामना या कॉन्फरन्समध्ये नव्हता. सर्वांना सारखे दिले नाही, ज्याची जितकी नाती तितके दिले. समान वाटणी आणि न्याय्य वाटणी यांतला फरक शिकवायला आम्हाला याहून चांगले उदाहरण सापडलेले नाही.

आणि फळ? २०२५ चा अंतिम सामना ओहायो स्टेट आणि इंडियाना यांच्यात झाला. दोघेही तोवर अपराजित. इंडियानाने १३–१० असा विजय मिळवला. १९६७ नंतर प्रथमच त्यांना हे विजेतेपद लाभले. आता दुसऱ्या वाटणीची यादी पुन्हा पाहा. ओहायो स्टेट आणि इंडियाना दोघेही पूर्व गटात! ती रेघ कायम असती, तर हे दोघे अंतिम सामन्यात कधीच समोरासमोर आले नसते.

तरी हेही निर्दोष उत्तर नव्हे. २०२४ मध्ये पेन स्टेट आणि इंडियाना या दोघांचे कॉन्फरन्समध्ये आठ विजय आणि एक पराभव अशी बरोबरी झाली. अंतिम सामन्यात जागा एकच. आणि हे दोघे त्या वर्षी एकमेकांशी खेळलेच नव्हते! शेवटी दोघांच्या प्रतिस्पर्ध्यांची कामगिरी किती चांगली, याचा हिशेब करून पेन स्टेटला जागा मिळाली (आणि अंतिम सामन्यात ऑरेगनने त्यांना ४५–३७ असे हरवले). मैदानावर सुटायचा प्रश्न कागदावर सोडवावा लागला. गट असताना निदान गटातले सर्व एकमेकांशी खेळत होते, हा त्या पद्धतीचा गुण होता. रेघ पुसल्यावर तो गेला.

६. ज्यांना कुणी विचारले नाही

आतापर्यंत आपण रेघेच्या आतल्यांचा विचार केला. पण रेघ जेव्हा मोठी होते, तेव्हा बाहेर कोण राहिले हेही पाहावे लागते. ती चार विद्यापीठे पश्चिम किनाऱ्यावरच्या 'पॅक-१२' नावाच्या कॉन्फरन्समधून आली. त्यांच्यामागोमाग इतरही निघाली आणि २०२४ च्या हंगामाला त्या जुन्या कॉन्फरन्समध्ये दोनच उरली, ऑरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट. ऑरेगन आणि ऑरेगन स्टेट ही शेजारी विद्यापीठे १८९४ पासून एकमेकांशी खेळत आलेली. २०२४ मध्ये त्यांना तो सामना कॉन्फरन्सबाहेरचा म्हणून वेगळा ठरवावा लागला. शेजारी तोच, सामना तोच, पण एका घरातले राहिले नाहीत.

दुसरे, प्रवास. लॉस एंजेलिसहून न्यू जर्सीतल्या रटगर्सला जायचे म्हणजे जवळजवळ चार हजार किलोमीटर आणि घड्याळात तीन तासांचा फरक. फुटबॉलवाले आठवड्यातून एकदाच खेळतात. पण कॉन्फरन्स बदलली की व्हॉलीबॉल, बास्केटबॉल असे इतर बहुतेक संघही त्याच वाटेने जातात, आणि त्यांचे सामने आठवड्याच्या मधल्या दिवशीही असतात. त्या मुलामुलींचे तास बुडतात. १८९५ मध्ये ज्या सभेत 'आधी विद्यार्थी, मग खेळाडू' या विचाराने नियम करायला माणसे जमली होती, त्याच सभेच्या वारसांनी हा नकाशा आखला आहे. २०२२ मध्ये त्यांनी केलेला दूरदर्शनचा सात वर्षांचा करार सात अब्ज डॉलरहून मोठा असल्याचे सांगितले गेले. पैसा वाईट असे आम्ही म्हणत नाही, त्यातून कितीतरी खेळ चालतात. पण जिम डेलनी यांनी २०१० मध्ये जी तीन तत्त्वे क्रमाने सांगितली, त्यांत प्रेक्षकसंख्येचा उल्लेख नव्हता. न सांगितलेले तत्त्व पुष्कळदा सांगितलेल्यांपेक्षा जोरकस ठरते, हे मोठ्यांनीही ध्यानात ठेवावे.

७. आपण काय घ्यावे?

आता आपल्या चार हाऊसकडे येऊ. सभेत बोललेल्यांची आठवण करा. तीच ढाल, तेच हाऊस, ही बळाच्या समतोलाची मागणी होती. बहीणभावाला एकत्र ठेवा म्हणणाऱ्या आई 'राखीव जोडी' मागत होत्या. राहत्या भागाप्रमाणे वाटा म्हणणारे विश्वस्त भूगोल पुढे आणत होते. आणि कबड्डीची मॅच विचारणारा विद्यार्थी घागर आणि कुऱ्हाडीची बाजू मांडत होता. बिग टेनची गोष्ट वाचल्यावर आम्हाला चार गोष्टी दिसतात.

पहिली, क्रम आधी ठरवावा आणि सर्वांना सांगावा, मग याद्या कराव्यात. याद्या करून मागाहून तत्त्व शोधले की कुणाचाच विश्वास बसत नाही.

दुसरी, जपायची नाती मोजून जपावीत, पण सर्वांना एकच माप लावू नये. ज्या घरात भावंडे आहेत तिथे ती एकत्र राहावीत. ज्या दोन हाऊसमध्ये खरी चुरस आहे तो सामना दर वर्षी ठेवावा. जिथे नाही तिथे उगाच जोड्या लावू नयेत.

तिसरी, कुठलीही रेघ कायमची मानू नये. 'लेजंड्स' आणि 'लीडर्स' तीन वर्षांत मोडले ते बरेच झाले. पूर्व–पश्चिमेचा कल मात्र तिसऱ्या-चौथ्या वर्षीच दिसू लागला होता आणि ती रेघ दहा वर्षे टिकली. आपण तीन वर्षांनी निकाल पुढे ठेवून फेरविचार करू, असे आधीच लिहून ठेवावे.

चौथी, वाटणीने ज्यांचे काही जाणार आहे त्यांना आधी विचारावे. सगळ्यांचे ऐकता येईल असे नाही, पण विचारले होते हे त्यांना ठाऊक असावे.

एवढे करूनही कुणीतरी नाराज होणारच. ४६२ वाटण्यांत एकही अशी नव्हती जिच्यात कुणाचीच घागर हरवत नाही. पुढच्या सभेत आपण ही चार सूत्रे समोर ठेवूनच बोलायला बसू.

स्वाध्याय

१. बारा संघांपैकी चार बलाढ्य आहेत. प्रत्येक गटात त्यांतले दोन-दोन हवेत. वाटणीचे प्रकार २१० कसे होतात ते करून दाखवा. (सूचना: चार बलाढ्यांच्या दोन-दोनच्या जोड्या आधी मोजा, मग उरलेल्या आठांतून चार निवडा.)

२. अठरा संघांनी प्रत्येकाशी एकेकदा खेळायचे ठरवले तर एकूण सामने किती? प्रत्येकाने नऊच सामने खेळले तर किती? दोहोंतील फरक काढा.

३. अमेरिकेच्या नकाशात बिग टेनच्या २०१४ च्या चौदा विद्यापीठांची राज्ये रंगवा. पूर्व गटाला एक रंग, पश्चिम गटाला दुसरा. एकाच राज्याला दोन्ही रंग कुठे लागतात, आणि का?

४. "समान वाटणी म्हणजे न्याय्य वाटणी नव्हे." आयोवा आणि पेन स्टेट यांच्या राखीव सामन्यांचे उदाहरण घेऊन आठ-दहा ओळी लिहा.

५. घरी आई-बाबा किंवा आजी-आजोबांना विचारा: त्यांच्या शाळेत, वाड्यात किंवा पोळात खेळताना दोन संघ कसे पाडत असत? कुणाला कोण घ्यायचे हे कसे ठरे? उत्तरे वहीत लिहून वर्गात वाचून दाखवा. चांगली उत्तरे पुढील अंकात छापू.